साताऱ्याचा हौद, सांगलीचा हौद: बागेतलं बिघडलेलं तळं दुरुस्त करताना

परसातला जुना दगडी हौद असो की बंगल्यासमोर हौसेनं बांधलेलं कमळतळं असो, त्याची रया गेली की घरात एकच तोडगा निघतो: पाणी उपसा, घासून काढा, नवं पाणी भरा. दोन गडी लागतात, दिवसभरात हौद कोरा होतो, टँकर येतो आणि महिन्याभरात पाणी पुन्हा गर्द हिरवं. मग मोरचूद (कॉपर सल्फेट), मग ब्लीचिंग, मग मेलेले मासे. शेवटी कंटाळून कुणीतरी त्यात माती भरून कर्दळ लावतं. असे बुजवलेले हौद साताऱ्याच्या जुन्या पेठांत आणि सांगली-मिरजेच्या बंगल्यांत कितीतरी दिसतात. वाईट याचं वाटतं की त्यातले बहुतेक वाचले असते.

हिरवा रंग हे लक्षण आहे. दुखणं बहुधा गळतीत, तळाच्या गाळात, बाहेरून येणाऱ्या पाल्यात-खतात किंवा भरायच्या पाण्यातच असतं. आणि सव्वाशे किलोमीटरच्या आत असूनही साताऱ्याच्या हौदाचं दुखणं वेगळं, सांगलीच्या हौदाचं वेगळं. एकीकडे मुरूम, कातळ आणि पावसाचं मऊ पाणी. दुसरीकडे काळी जमीन आणि बोअरचं जड पाणी. एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की पैसे पाण्यात जातात.

कामाला हात मार्चच्या मध्याला घालावा. पानगळ संपत आलेली असते, काढलेला गाळ वाळायला ऊन असतं आणि मृगाच्या आधी हौद भरून तयार ठेवता येतो. पहिल्या मोठ्या पावसाबरोबर बेडूक अंडी घालतात. त्यानंतर हौद उपसणं म्हणजे त्यांचं वर्ष बुडवणं. काळ्या जमिनीत तर जुलै-ऑगस्टमध्ये हौद रिकामा करूच नये. बाहेरची माती पाण्यानं तट्ट भरलेली असते, आत दाब उरत नाही आणि तळाचा कोबा खालून उचलला जाऊन फुटतो.

आधी मोजमाप घ्या. लांबी, रुंदी आणि सरासरी खोली फुटांत मोजून गुणाकार करा आणि त्याला २८.३ नं गुणा. तितके लिटर पाणी. दहा बाय आठ फुटांचा, अडीच फूट खोल हौद म्हणजे २०० घनफूट, साधारण ५,६०० लिटर. पुढची सगळी गणितं या हौदाची धरली आहेत. हा आकडा माहीत नसेल तर तुरटी, मासे, पंप, सगळंच अंदाजपंचे होतं.

मग गळतीची परीक्षा. एप्रिलच्या उन्हात उघड्या हौदातून रोज आठ-दहा मिलिमीटर पाणी नुसतं उडून जातं, म्हणून पातळी घसरली की हौद गळतोच असं नाही. हौदात विटा रचून त्यावर एक बादली ठेवा. बादलीतलं पाणी आणि हौदातलं पाणी एकाच उंचीवर आणा, दोन्हीकडे खुणा करा आणि तीन दिवस हात लावू नका. दोन्ही पातळ्या सारख्याच उतरल्या तर ती वाफ. हौदाचं पाणी दिवसाला पाच मिलिमीटर जास्त उतरलं तर आपल्या हौदातून रोज ३७ लिटर जमिनीत जातंय. अशा वेळी पाणी भरू नका, उतरू द्या. ते जिथे स्थिरावेल त्या रेषेवर किंवा तिच्या जरा वर भेग सापडते. पाणी अगदी शांत असताना ड्रॉपरनं निळीच्या पाण्याचे थेंब भिंतीलगत सोडले तर भेगेपाशी निळी रेघ आत ओढली जाताना दिसते. पाणी तळापर्यंत उतरत राहिलं तर दोष कोब्यात किंवा तळाच्या निचऱ्याच्या पाईपभोवती असतो. पाईप जिथे भिंतीतून जातो तो सांधा सगळ्यांत आधी बघावा, कारण प्लॅस्टिक आणि सिमेंट एकजीव होत नाहीत.

गळती नसेल तर अर्धं काम वाचलं. तरीही ही परीक्षा टाळू नये. गळका हौद रोज भरावा लागतो, रोज नळाचं किंवा बोअरचं नवं पाणी आत येतं, त्याबरोबर क्षार आणि शेवाळाचं खाद्य येतं. वर्षानुवर्षं हिरव्या राहणाऱ्या हौदांमागे कित्येकदा हीच बारीक गळती असते.

उपसा आणि गाळ

उपसण्याआधी राहणाऱ्यांची सोय करा. २०० लिटरचे दोन-तीन ड्रम हौदातल्याच पाण्यानं भरून सावलीत ठेवा, वर शेडनेट टाका, आत मत्स्यालयाचा हवेचा पंप सोडा. एका ड्रमात गप्पी तीसेक राहतील. गोल्डफिश किंवा कोईसारखे मोठे मासे तीन-चारच. त्या दिवसांत त्यांना खायला घालू नका. अन्न कुजून ड्रमातलं पाणी माशांआधी बिघडतं. कमळाचे आणि कुमुदाचे कंद चिखलासकट काढून घमेल्यात, पाण्याखाली ठेवा. कासव सापडलं तर ते घरी पाळायला ठेवू नका. आपली देशी कासवं वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. वन विभागाला कळवायचं. काठाचे दगड हातानं उचलू नका, कुदळीनं उलटा. दगडाखालचा चौकटीचौकटींचा विरोळा साप बिनविषारी असतो, त्याला वाट करून द्या. पण त्याच दगडाखाली घोणसही असू शकते.

अर्ध्या अश्वशक्तीचा साधा पंप गाळात सोडला की पाच मिनिटांत गळा धरतो. बाजूनं भोकं पाडलेल्या बादलीत पंप ठेवून बादलीला शेडनेटचे दोन पदर गुंडाळा. पहिलं वरचं दोन तृतीयांश पाणी केळी-नारळाला सोडून द्या. ते पातळ खतच आहे. गटारात सोडणं म्हणजे खतही गेलं आणि गटारही तुंबलं.

गाळ किती आहे ते उपसण्याआधीच काठीनं मोजता येतं. काठीच्या टोकाला फरशीचा तुकडा आडवा बांधून ती अलगद सोडा, गाळाच्या पृष्ठभागावर ती टेकेल. मग नुसती काठी तळापर्यंत खुपसा. दोन्हींतला फरक म्हणजे गाळाची जाडी. दोन-तीन इंच गाळ असू द्यावा. त्यातच जीवाणू, गोगलगायी, चतुरांच्या अळ्या असतात. चार इंचांच्या वर गेला की काढायलाच हवा. खालच्या थराला हवा पोचत नाही, तिथे बिनहवेची कुजण सुरू होते आणि कुजक्या अंड्यांचा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू. हौद भरलेला असताना असा गाळ फावड्यानं ढवळला तर पाण्यातला प्राणवायू झपाट्यानं संपतो आणि मासे वर येऊन तोंडं उघडू लागतात. म्हणून गाळ ढवळायचा तो पाणी आणि मासे काढल्यावरच.

वरून बंद असलेला किंवा विहिरीसारखा खोल हौद असेल तर एकट्यानं उतरू नये. दिवा सोडून बघायची जुनी रीत प्राणवायू कमी आहे का एवढंच सांगते, हा विषारी वायू ती दाखवत नाही. शिवाय थोड्या वेळानं या वायूचा वास येणंच बंद होतं आणि माणसाला वाटतं हवा सुधारली. तोंड उघडून एक पूर्ण दिवस जाऊ द्या, पंख्यानं आत हवा सोडा, कमरेला दोर आणि वर दोन माणसं ठेवा.

गणपती विसर्जन ज्या हौदात वर्षानुवर्षं झालंय त्याचा गाळ वेगळा धरावा. प्लॅस्टर ऑफ पॅरिस म्हणजे कॅल्शियम सल्फेट. ते लवकर विरघळत नाही, तळाशी पांढरट लगदा होऊन बसतं आणि बिनहवेच्या गाळातले जीवाणू त्याच सल्फेटचा तो कुजका वायू बनवत राहतात. वर रंगांमधले जड धातू. असा गाळ पूर्ण काढावा आणि भाजीच्या वाफ्याला घालू नये. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात सांगलीत जे हौद कृष्णेखाली गेले त्यांनाही हाच नियम: पुराचा बारीक गाळ दिसायला छान पोयटा असतो, पण त्यात गटाराचं पाणी आणि डिझेल-तेल उतरलेलं असतं. तो कुंड्यांतल्या फुलझाडांना चालेल, मेथी-पालकाला नको. साधा, पाल्यापाचोळ्याचा गाळ मात्र सोनं आहे. दहा-पंधरा दिवस उन्हात पसरून वाळवा, ढेकळं फोडा आणि तीन भाग मातीत एक भाग मिसळून नारळाला, जास्वंदीला घाला. एक बादली गाळ झाकून, ओला ठेवून द्या. नव्या हौदाला विरजण म्हणून तो लागणार आहे. विसर्जनाचा किंवा पुराचा गाळ मात्र विरजणाला नको.

भिंतीवर पाण्याच्या रेषेपाशी जो पट्टा दिसतो तो तारेच्या ब्रशनं खरवडून काढा. डेंगी पसरवणारा एडिस डास आपली अंडी पाण्यात नाही, पाण्याच्या जरा वर, ओलसर भिंतीला चिकटवतो. ती कोरड्यात कित्येक महिने टिकतात आणि हौद पुन्हा भरला की फुटतात. "हौद तर चार महिने रिकामा होता, मग डास कुठून आले?" याचं उत्तर त्या पट्ट्यात असतं.

भिंतीत पिंपळ किंवा उंबर उगवला असेल तर नुसता वरून छाटू नका. छाटल्यावर मूळ जाड होतं आणि दगड ढकलतं. चार दगड काढून मूळ पूर्ण उपटणं आणि दगड पुन्हा बसवणं हाच उपाय. तणनाशकाचा मोह होतो, पण हौदाच्या भिंतीत मारलेलं पाण्यात उतरतं आणि बेडकाच्या पिलांना ते सोसत नाही.

दुरुस्ती: जमीन बघून

साताऱ्याच्या बाजूला खाली मुरूम किंवा कातळ असतो. जमीन हलत नाही, त्यामुळे भेग एकदा नीट बुजवली की बुजली. भेग वरवर लिंपायची नाही. छिन्नीनं पाऊण इंच रुंद आणि तितकीच खोल खाच उघडायची, तारेच्या ब्रशनं धूळ काढायची, पाणी मारून ओली करायची, सिमेंटचा पातळ घोळ फासायचा आणि तो वाळायच्या आत एकास तीन मसाला दाबून भरायचा. वॉटरप्रूफिंगचं रसायन पुडीवर लिहिलेल्या मापानंच घाला. जास्त घातलं म्हणून जास्त पाणी थांबत नाही, उलट मसाला कच्चा राहतो. पूर्ण गिलावाच करायचा असेल तर आपल्या हौदाचं आतलं क्षेत्र १७० चौरस फूट भरतं: तळ ८०, भिंती ९०. अर्ध्या इंचाहून थोड्या जाड थराला सिमेंटची अडीच पोती आणि साधारण नऊ घनफूट वाळू लागते. क्रश सँड वापरणार असाल तर प्लास्टरची, धुतलेली घ्या. तिच्यातली दगडाची भुकटी जास्त असेल तर गिलाव्याला केसासारख्या चिरा पडतात. तळ आणि भिंत जिथे मिळतात तो काटकोन ठेवू नका, मसाल्यानं गोलवा द्या. बहुतेक हौद पहिल्यांदा तिथेच फुटतात. आणि एप्रिलच्या उन्हात ओली गोणपाटं टाकून दहा दिवस पाणी मारायचंच. मिस्त्री तीन दिवसांत "झालं" म्हणेल. त्याचं ऐकू नका.

जुना हौद चुन्यात बांधलेला असेल तर मात्र सिमेंटला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे. दर्जा, म्हणजे दोन दगडांमधल्या सांध्यातला मसाला, नखानं खरवडून पाहा: पांढरी-गुलाबी, मऊसर भुकटी निघाली तर तो चुना. चुन्याची भिंत थोडी श्वास घेते, थोडी हलते. वर सिमेंटचा कडक थर चढवला की आतली ओल अडकते आणि दोन-तीन पावसाळ्यांत तो थर पापुद्र्यासारखा सुटतो, जाताना दगडाचा टवकाही घेऊन जातो. अशा भिंतीचे दर्जे चुन्यातच भरायचे. विरवलेला चुना किमान तीन आठवडे पाण्याखाली मुरलेला असावा. एक भाग चुना, दीड भाग वाळू, दीड भाग सुरखी म्हणजे विटांची बारीक भुकटी. सुरखीमुळे चुना पाण्याखालीही घट्ट होतो. नुसता चुना-वाळूचा मसाला हौदात टिकत नाही. पूर्वीचे कारागीर त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालत. हिरडा जावळी-पाटणच्या डोंगरात भरपूर मिळतो आणि मसाला चिवट व्हायला त्याची मदत होते. साताऱ्याजवळ लिंब गावची बारा मोटेची विहीर ज्यांनी पाहिली आहे त्यांना दगड आणि चुना पाण्यापाशी किती टिकतो हे सांगायला नको. हल्ली चुन्याच्या घाण्यात मळलेला चुना जुन्या वाड्यांची, देवळांची दुरुस्ती करणाऱ्यांकडेच मिळतो. शोधायला वेळ जातो, पण शोधावा.

सांगलीकडची काळी माती वेगळीच जात. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि जमिनीला हात जाईल अशा भेगा पडतात. हौदाची भिंत तिच्याबरोबर वर्षातून एकदा पुढे-मागे होते. तिथे भेग कितीही चांगली बुजवा, पुढच्या मे महिन्यात ती शेजारी उघडणार. म्हणून काळ्या रानात जुन्या हौदाला नुसती चौकट समजावं आणि आत प्लॅस्टिकचा कागद अंथरावा. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ भागात शेततळ्यांना जो जिओमेम्ब्रेन कागद वापरतात तोच, ५०० मायक्रॉनचा, आयएस १५३५१ चा शिक्का बघून. द्राक्षपट्ट्यात तो कापून, जोड देऊन मिळतो. माप असं: लांबीत खोलीची दुप्पट आणि वर दोन फूट, रुंदीतही तसंच. आपल्या हौदाला १७ बाय १५ फूट, म्हणजे २५५ चौरस फूट. वेड्यावाकड्या, गोलाईच्या तळ्याला मात्र हा कागद कोपऱ्यांत नीट दुमडत नाही. तिथे रबराचा, ईपीडीएमचा कागद महाग असला तरी तोच घ्यावा.

कागदाखाली सेंद्रिय काही राहता कामा नये. एक मूठ पाला राहिला तरी तो कुजून वायू धरतो आणि कागद फुग्यासारखा वर येतो. खाली दोन इंच चाळलेली वाळू, तिच्यावर जिओटेक्स्टाइल, म्हणजे न कुजणारं जाड कृत्रिम कापड. तागाची पोती कुजतात, ती नकोत. वाळवीलाही तेवढंच निमित्त पुरतं. कागदाची कड हौदाबाहेर एक फूट खोल चरात पुरून वर माती आणि दगड चेपा. पाण्याबाहेर उघडा राहिलेला पट्टा उन्हानं दोन-चार वर्षांत तडकतो, तो दगडांनी झाका. घुशी आणि खेकडे कागदाला भोकं पाडतात, म्हणून चराच्या तळाशी बारीक कोंबडीजाळी घालायला विसरू नका. हौदाच्या भिंतीबाहेर फूटभर रुंद चर खणून त्यात काळ्या मातीऐवजी मुरूम भरला तर भिंतीवरचा ताणही बराच कमी होतो.

पाणी भरणं

नव्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरतो आणि पीएच दहा-अकरापर्यंत चढतो. त्यात सोडलेले मासे तासाभरात मरतात. हौद भरा, चार दिवस ठेवा, उपसा, असं तीनदा. दुसऱ्या भरणीला केळीच्या खुंटांचे तुकडे करून टाका, दहा-बारा किलो पुरतात. कुजताना ते पाणी आंबटसर करतात आणि क्षार लवकर उतरतो. पाणी तपकिरी झालं की उपसून भिंती धुऊन काढा. शेवटी पीएचच्या पट्टीवर साडेआठच्या खाली आलं की हौद तयार. कागदाच्या हौदाला हे काही लागत नाही, एकदा धुतलं की झालं.

नळाच्या पाण्यातला क्लोरिन दोन दिवस उघडं ठेवल्यावर निघून जातो. बोअरचं पाणी मात्र नीट बघून घ्यावं. त्यात प्राणवायू नसतो, म्हणून पाईप हौदात बुडवू नका, तीन फुटांवरून पडू द्या. आणि क्षार मोजा. टीडीएसचा खिशात मावणारा मीटर स्वस्तात मिळतो. समजा बोअरचं पाणी ८०० चं आहे, म्हणजे लिटरमागे ८०० मिलिग्रॅम क्षार. वाफ होताना पाणी जातं, क्षार मागे राहतात. उन्हाळ्यात दर महिन्याला हौदाचं साधारण तिसरा हिस्सा पाणी उडतं आणि तेवढंच बोअरनं भरलं जातं. म्हणजे महिन्याला अडीचशेची भर. फेब्रुवारी ते मे अशा चार महिन्यांत ८०० चे १,८०० होतात. कमळाच्या पानांच्या कडा करपू लागतात आणि माणूस रोग समजून फवारणी करतो. उपाय साधा आहे: नुसती भर घालू नका, दर पंधरवड्याला हौदाचं दहावा हिस्सा पाणी झाडांना काढून मग भरा.

सगळ्यांत चांगलं पाणी छपरावरचं. ५०० चौरस फुटांच्या छपरावर ५० मिलिमीटर पाऊस पडला की गळून-सांडून दोन हजार लिटर हाती येतं. तीन चांगल्या सरींत आपला हौद भरला. पहिल्या दोन सरींचं पाणी बाहेर सोडा, त्यात वर्षाची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा असते. सांगलीत ही पन्हळ हौदाकडे वळवणं म्हणजे क्षारांवरचं औषधच. साताऱ्यात पाऊस जास्त, त्यामुळे तिथे उलट चिंता करायची: दोन इंची सांडव्याचा पाईप हवाच आणि बागेतलं वाहतं पाणी हौदात शिरू नये म्हणून काठ जमिनीपेक्षा चार इंच उंच हवा. हिरवळीवर टाकलेला युरिया पहिल्या सरीबरोबर हौदात येतो, आणि मग जूनमध्ये शेवाळ का वाढलं हे कोडं पडतं.

काळ्या मातीनं पाणी गढूळ राहिलं तर तुरटी चालते: हजार लिटरला दहा ते वीस ग्रॅम, बादलीत विरघळवून, हौदभर शिंपडून. आपल्या हौदाला ५५ ते ११० ग्रॅम. सांगलीच्या जड पाण्यात ती निर्धोक आहे. साताऱ्याच्या मऊ पाण्यात तुरटीनं पीएच एकदम घसरू शकतो, म्हणून तिथे कमी मापानं सुरुवात करा आणि मासे सोडण्याआधीच काय ते करा.

भरल्यावर बाजूला ठेवलेला बादलीभर गाळ आणि ड्रममधलं जुनं पाणी हौदात परत घाला. दोन-चार आठवडे पाणी हिरवं होणार. होऊ द्या. माशांच्या विष्ठेतला अमोनिया पचवणारे जीवाणू बसायला महिना-दीड महिना लागतो. या काळात पाणी बदललं की घड्याळ पुन्हा शून्यावर. पंप आणि गाळणी लावायची असेल तर दोन तासांत हौदाचं सगळं पाणी एकदा फिरेल असा पंप घ्या, आपल्याला ताशी २,८०० लिटरचा. गाळणी साध्या ड्रमची पुरते: खाली विटांचे तुकडे, मध्ये खडी, वर स्पंज. ती नळाच्या पाण्यानं कधीही धुऊ नका, क्लोरिननं जीवाणू मरतात. हौदाच्याच पाण्यात खळबळा. पाच-सहा तास वीज गेली तर गाळणीत साचलेलं पाणी कुजलेलं असतं. पंप सुरू करताना पहिलं ड्रमभर पाणी बाहेर सोडा. पाण्यातल्या पंपाच्या जोडणीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की प्रवाह तोडणारा स्विच) लावल्याशिवाय हौदात हात घालू नये. यात तडजोड नाही.

मोरचुदाबद्दल. द्राक्षबागायतदाराच्या घरी ते असतंच आणि शेवाळावर लागू पडतं हेही खरं. पण तांबं माशांना आणि गोगलगायींना विषारी आहे आणि पाणी जितकं मऊ तितकं जास्त विषारी. सांगलीच्या जड पाण्यात ज्या मापानं मासे तग धरतील त्याच मापानं साताऱ्यात मरतील. शिवाय शेवाळ एकदम मेलं की ते कुजताना रात्रीतून प्राणवायू खाऊन टाकतं आणि पहाटे मासे उलटे तरंगतात. तांबं मात्र गाळात कायमचं बसतं. लांब दोऱ्यांचं शेवाळ काठीला गुंडाळून काढा आणि हिरव्या पाण्याला सावली द्या: पाण्याचा निम्मा पृष्ठभाग पानांनी झाकला की हिरवा रंग आपोआप ओसरतो.

झाडं, मासे आणि पुढचं वर्ष

कमळाला रोज पाच-सहा तास ऊन आणि चिकण माती लागते. कृष्णाकाठची मळीची माती यासाठी उत्तम. फक्त ट्रॅक्टरवाल्याला "मळी आण" एवढंच सांगू नका, तो साखर कारखान्याची मळी आणून ओतेल आणि ती हौदात गेली तर पाण्यातला प्राणवायू त्याच दिवशी संपेल. "नदीकाठची पोयट्याची माती" असं स्पष्ट सांगा. कोकोपीट आणि कुंडीची तयार माती नको, ती तरंगते. दीड-दोन फूट रुंद, भोक नसलेला टब घ्या, तळाशी दोन इंच कुजलेलं शेणखत, वर सहा-सात इंच माती. कंद आडवा ठेवा, कोंब मातीबाहेर. तो मोडला तर कंद बहुधा कुजतो, म्हणून हाताळताना त्याला अंड्यासारखं जपा. सुरुवातीला वर दोन-तीन इंच पाणी पुरे. पानं पाण्याबाहेर उभी राहू लागली की टब विटांवरून हळूहळू खाली उतरवा. कुमुदाचा कंद तिरका लावायचा, शेंडा उघडा ठेवून. काठाला वेखंड आणि ब्राह्मी लावा. पाणकणीस आणि जलपर्णी आणूच नका: पहिल्याची टोकदार मुळं कागद फोडतात, दुसरी महिन्याभरात हौद झाकून टाकते.

डासाची पिढी आठ-दहा दिवसांत पुरी होते, म्हणून क्लोरिन गेल्याबरोबर दहा-पंधरा गप्पी सोडा. बाकी मासे महिन्यानंतर. गप्पी प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा हिवताप विभागाकडून मिळतात. त्यांना खायला घालायची गरज नाही. तिलापिया, मांगूर, काच चाटणारा सकर हे घेऊ नका. आणि सांडव्याच्या तोंडाला बारीक जाळी बसवा. साताऱ्याच्या हौदातून वाहिलेलं पाणी ओढ्यानं वेण्णा-उरमोडीत जातं. तिथले घाटातले मासे बाहेरच्या पाहुण्यांपुढे टिकत नाहीत.

जानेवारीपासून पानगळीचे तीन महिने वर शेडनेट ताणून ठेवा. वरती चिंच किंवा गुलमोहर असेल तर बारीक जाळीच हवी, त्यांची पानोळी साध्या जाळीतून गळते. दिवाळीनंतर कमळाची पानं पिवळी पडून वाळू लागतात, तेव्हा ती कापताना एक काळजी घ्या. देठ आतून पोकळ असतात आणि चिखलातल्या कंदाला हवा त्यांतूनच जाते. देठ पाण्याच्या वर चार बोटं राखून कापा. पाण्याखाली कापला तर त्या नळ्यांतून पाणी कंदापर्यंत उतरतं आणि फेब्रुवारीत टब उचलून बघाल तेव्हा हाताला नुसता लगदा लागतो.